गुडघ्याच्या मापाची खाट, हाताच्या उंचीचे फडताळ

सागवान आणि बांबूच्या मुलखातील ज्येष्ठांसाठी घराची कमी खर्चातील, नेटकी आणि निर्धोक मांडणी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला लाकडाची पारख शिकवावी लागत नाही. आलापल्लीच्या सागवानाचा लौकिक कित्येक पिढ्यांचा आहे. बल्लारपूरच्या आगारातील सागवान २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत रवाना झाले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याची मान उंचावली. अशा या मुलखात घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती मात्र अनेकदा जमिनीवरच्या सतरंजीवर, झोळ पडलेल्या बाजेवर किंवा डुगडुगणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दिवस काढताना दिसते. दिवाणखान्यातील सोफा पाहुण्यांसाठी असतो आणि लग्नात आलेले कपाट सुनेच्या खोलीत असते. आजी-आजोबांच्या वाट्याला घरात उरलेले सामान आणि उरलेली जागा येते.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे प्राण गमावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा वाटा मोठा असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की त्यातून उठून पुन्हा पूर्वीसारखे चालणे सर्वांना साधत नाही. ही पडझड बहुधा घरातच होते: खाटेवरून उठताना, न्हाणीघरात, अंधारात उंबरठा ओलांडताना. म्हणजे घरातील सामानाची उंची, जागा आणि मांडणी यांचा आरोग्याशी थेट संबंध आहे. त्यासाठी नवे घर बांधावे लागत नाही की शहरातील महागड्या दुकानात जावे लागत नाही. एक मोजपट्टी, गावचा सुतार, ओळखीचा बुरूड आणि घरच्यांची थोडी सवड एवढे भांडवल पुरते.

खाट: सर्वांत आधी तिची उंची

मोजमापापासून आरंभ करावा. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून बसवावे. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजावे. बऱ्याच जणांचे हे माप १५ ते १८ इंचांच्या दरम्यान भरते. गादीवर माणूस बसल्यावर ती जितकी दबते तितकी दबलेल्या स्थितीत खाटेची उंची या मापाइतकी, फार तर त्याहून इंच-दोन इंच अधिक असावी. खाट याहून खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर आणि कमरेवर सारा भार येतो. ती फार उंच असेल तर पाय लोंबकळतात आणि उतरताना तोल जातो.

खाट बुटकी असल्यास ती टाकून देण्याचे कारण नाही. सुताराकडून तिच्या चारही पायांखाली ठोकळे करून घ्यावेत. ठोकळ्याच्या वरच्या बाजूस पाय बसेल एवढी खोलगट बैठक कोरलेली असावी, म्हणजे खाट सरकत नाही. विटा रचून उंची वाढवू नये; त्या ढासळतात. खाट जास्त उंच असेल तर पाय तितकेच कापून घेता येतात.

सुतळीची किंवा नेवारीची बाज उन्हाळ्यासाठी उत्तम. खालून वारा लागतो आणि ती उचलून अंगणात नेता येते. परंतु तिला झोळ पडला की ती वृद्धांची शत्रू होते. झोळात रुतलेल्या माणसाला कुशीवर वळणेही कठीण जाते. म्हणून पायथ्याकडची दोरी दर काही आठवड्यांनी ताणून घ्यावी. ज्यांना कंबरदुखी आहे किंवा जे आजारपणामुळे बराच वेळ पडून असतात त्यांच्यासाठी सपाट फळ्यांची खाट आणि तिच्यावर फार मऊ नसलेली कापसाची गादी अधिक बरी. गादीला वरचेवर ऊन दाखवावे. खाटेची एक बाजू भिंतीला लागून आणि दुसरी मोकळी असावी. परंतु ज्यांना कूस बदलून द्यावी लागते अशा रुग्णाची खाट दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवल्यास सेवा करणाऱ्याच्या पाठीचे रक्षण होते.

जमिनीवरचे अंथरूण आणि मण्यार

आपल्या जिल्ह्यांत खाटेला आणखी एक कारण आहे. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि त्याचे बहुतेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. झोपलेल्याला तो कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि तोवर मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या घरांकडे वळतात. अशा वेळी जमिनीपासून वर असलेली खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी ही दोन्ही संरक्षण देतात. नेपाळच्या तराई भागात झालेल्या अभ्यासातही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे आढळले आहे. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो, हे आपण जाणताच. एकाच मच्छरदाणीने दोन्ही संकटे दूर राहतात.

खाटेच्या चार कोपऱ्यांना बांबूच्या चार काठ्या घट्ट बांधल्या की मच्छरदाणीचा सांगाडा तयार होतो. फक्त एक काळजी घ्यावी. रात्री लघवीसाठी उठताना जाळीत पाय अडकून पडण्याचा धोका असतो. म्हणून उतरण्याच्या बाजूला जाळीवर लाल किंवा पिवळ्या कापडाची पट्टी शिवावी आणि त्याच बाजूने आत-बाहेर करण्याची सवय लावावी. खाटेखाली ट्रंका, जुनी भांडी, कांद्याची पोती रचू नयेत. तळ मोकळा असला की रोज झाडता येतो आणि टॉर्च मारून पाहता येतो. मण्यार चावल्याची नुसती शंका आली तरी जखम कापणे, करकचून दोरी बांधणे, मांत्रिकाची वाट पाहणे हे काहीही न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णाला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

खुर्ची: हात असलेली, न सरकणारी

दिवसाचे कित्येक तास ज्या खुर्चीवर जातात तिची निवड खाटेइतकीच विचारपूर्वक करावी. बैठकीची उंची गुडघ्याच्या मापाची असावी. खोली एवढीच असावी की पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा उरेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुर्चीला दोन्ही बाजूंनी मजबूत हात असावेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, कारण उठताना माणूस हातांवर भार देतो. खोल, मऊ सोफ्यात बसलेल्या आजोबांना दोघांनी धरून उठवावे लागते, आणि मग ते बाहेर येऊन बसणेच टाळू लागतात. हळूहळू घरातील गप्पा, पाहुणे, दाराबाहेरची वर्दळ या साऱ्यांपासून ते दुरावतात. योग्य उंचीची एक खुर्ची त्यांना ओसरीवर, माणसांत परत आणते.

हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. ती वापरावीच लागली तर मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवावी आणि तडा गेलेली खुर्ची तत्काळ बाद करावी. लाकडी खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. त्या किरकोळ किमतीत मिळतात.

सागवान परवडत नाही? मग काय?

अखंड सागवानाची नवी खाट आज प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. परंतु वृद्धांसाठी उपयोगी वस्तू बहुधा लहान असतात: पायाखालचा पाट, आधाराचा दांडा, खाटेशेजारचे तिवईएवढे मेज, न्हाणीघराबाहेरचा बाक. या वस्तू आरागिरणीतील किंवा सुताराकडील उरलेल्या तुकड्यांतून होतात. जुने घर पाडताना निघालेल्या तुळया, दारे आणि चौकटी यांचे लाकूड वर्षानुवर्षे मुरलेले असते. त्यातून खाट करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. लाकूड घेताना एक लक्षात ठेवावे. वाळवीला दाद न देण्याचा गुण सागाच्या गाभ्यात असतो, कडेच्या पांढऱ्या लाकडात नाही. स्वस्तात मिळाले म्हणून पांढऱ्या लाकडाची खाट घेतली तर काही पावसाळ्यांतच पस्तावण्याची वेळ येते. शिवणीचे लाकूड वजनाला हलके असते आणि फारसे वाकत-तडकत नाही. वारंवार हलवायच्या वस्तूंसाठी ते सोयीचे. लाकूड कोणतेही असो, पावतीसह आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. चोरट्या लाकडाची स्वस्ताई पुढे महाग पडते.

बांबूविषयी तर या भूमीला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे बांबूकाम शिकलेले कारागीर आज खुर्च्या, रॅक आणि दिव्यांच्या शेड्सपर्यंत नाना वस्तू घडवतात. बांबूचे सामान वजनाला हलके, दिसायला देखणे आणि खिशाला परवडणारे. मात्र ते पारखून घ्यावे. कोवळ्या, कच्च्या बांबूत पिष्ट अधिक असते आणि त्याला भुंगा लवकर लागतो. निदान तीन वर्षांच्या पक्व बांबूची वस्तू टिकते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू मुरवला आहे का, हे कारागिराला विचारावे. पूर्वीचे लोक बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवत, त्यामागेही हेच शहाणपण होते. खुर्चीखाली पिठासारखी भुकटी दिसू लागली तर आत कीड आहे असे समजावे. अशा खुर्चीवर वृद्धांना बसवू नये. मधुमेही व्यक्तीच्या हातापायांना बारीक कुसळ लागले तरी जखम चिघळू शकते. म्हणून बांबूची प्रत्येक कड पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करून घ्यावी.

आवराआवर: कमरेपासून खांद्यापर्यंत

जुन्या घरांत भिंतीतील कोनाडे, फडताळे, खुंट्या आणि दिवळ्या होत्या. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा होती आणि ती जमिनीवर पसरत नसे. आजच्या मांडणीशास्त्राचा गाभाही याहून वेगळा नाही. ज्येष्ठांसाठी त्यात एकच नियम जोडावा: रोजच्या वापराचे सारे सामान कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असावे. चष्मा, औषधे, पाण्याचा तांब्या, चहा-साखरेचे डबे, धोतर-लुगडी, पोथी, मोबाइलचा चार्जर या वस्तूंसाठी वाकावे लागू नये आणि स्टुलावर चढावेही लागू नये. माळ्यावर आणि तळाच्या कप्प्यात वर्षातून एकदा लागणारे सामान जावे.

बुरुडाकडच्या परड्या, दुरड्या आणि टोपल्या येथे फार कामी येतात. एकाच आकाराच्या चार-पाच टोपल्या फळीवर ओळीने मांडल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या कापडाची किनार लावली, की खोलीला शोभा येते आणि मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणाऱ्या आजींनाही निळ्या किनारीच्या टोपलीत औषधे आहेत हे न वाचता कळते. जड डब्यांऐवजी टोपली ओढून काढणे सोपे जाते. खाटेच्या उशाशी, हात पोचेल अशा उंचीवर तीन खुंट्या ठोकाव्यात: एक टॉर्चसाठी, एक काठीसाठी, एक शालीसाठी. वीज केव्हाही जाऊ शकते, म्हणून टॉर्चची खुंटी कधी रिकामी असू नये.

सुगीनंतर धानाचे कट्टे ओसरीत आणि चालायच्या वाटेवर रचले जातात, उन्हाळ्यात मोहफुले वाळत घातली जातात. घरचे उत्पन्न म्हणून हे अटळ असते. तरी खाट ते न्हाणीघर आणि खाट ते दार या दोन वाटा निदान तीन फूट रुंद आणि पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात. धान्य झोपण्याच्या खोलीत ठेवणे टाळावे. धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. ढोली किंवा कोठी वेगळ्या खोलीत, जमिनीपासून उंच चौथऱ्यावर ठेवलेली बरी.

ऋतूंप्रमाणे फेरबदल

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पलीकडे जातो. मग कूलर बाहेर निघतो आणि त्याबरोबर जमिनीवर आडवी पडलेली वायर आणि सांडलेले पाणी घरात येते. वायर भिंतीच्या कडेने खिळ्यांनी बसवून घ्यावी. कूलर शक्यतो खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर ठेवावा आणि त्याखालची ओल वेळीच पुसावी. ज्येष्ठांची खाट पत्र्याखालून आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून हलवावी.

औषधांकडेही उन्हाळ्यात लक्ष हवे. पुष्कळ गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. पत्र्याची पेटी, फ्रिजच्या माथ्यावरची जागा किंवा खिडकीची कड यांत हे तापमान कधीच ओलांडले जाते. घरातील सर्वांत थंड, सावलीच्या भिंतीचा कोनाडा औषधांना द्यावा. फ्रिज नसलेल्या घरी इन्सुलिनची कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. मात्र तशी ती किती दिवस वापरावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पावसाळ्यात कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, म्हणजे मागे ओल धरत नाही आणि वाळवी चढली तर दिसते. दारातील पायपुसणे जाड, कडा न उलटणारे आणि खाली रबर असलेले असावे. गुंडाळी होणारी गोणपाटे आणि सैल सतरंज्या सरळ काढून टाकाव्यात.

न्हाणीघर आणि उंबरठा

सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा लाभ येथेच होतो. शौचालयाच्या आणि न्हाणीच्या भिंतीत लोखंडी किंवा स्टीलचा दांडा पक्का बसवून घ्यावा; जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंची बहुतेकांना सोयीची पडते. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे, ती भार पडताच निखळते. देशी पद्धतीच्या शौचालयावर ठेवता येईल अशी कमोड खुर्ची गुडघेदुखीच्या रुग्णांची मोठी अडचण दूर करते. आंघोळीसाठी रबरी टोप्यांचा, रुंद बैठकीचा जड स्टूल असावा.

उंबरठा काढणे अनेकांना रुचत नाही, आणि काढण्याची गरजही नाही. त्याला ठळक पिवळा रंग द्यावा. पायऱ्यांच्या कडांनाही तशीच पट्टी ओढावी. उंबरठ्याजवळ हाताच्या उंचीवर सागाचा एक गोल दांडा बसवला तर तो आधारही देतो आणि जुन्या चौकटीला शोभूनही दिसतो. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत मंद रात्रदिवा तेवत ठेवावा.

मदत कोठे मिळेल?

केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे. तिच्यातून दुर्बल आर्थिक स्थितीतील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा यांसारखी साधने मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये जमा करण्याची तिच्यात तरतूद आहे. कमोड खुर्ची आणि घडीचा वॉकर यांचा साधनांच्या यादीत समावेश आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही मार्गदर्शन करते.

विचारल्याशिवाय काही हलवू नका

सेवा करणाऱ्यांना शेवटी एक विनंती. घर आवरण्याच्या उत्साहात आजोबांची जुनी पेटी, आजीचा पितळी डबा, देवघराची जागा त्यांना न विचारता बदलू नका. वृद्ध माणूस अंधारात डोळ्यांनी कमी आणि सवयीने अधिक चालतो. वीस वर्षे ज्या जागी मेज होते तेथून ते अचानक नाहीसे झाले, तर आधारासाठी पुढे केलेला हात रिकामा पडतो. विस्मरणाचा त्रास असलेल्यांना तर असा बदल फारच गोंधळात टाकतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो दिवसाउजेडी त्यांच्यासमोर करावा, दोन-चार वेळा त्यांना तेथून चालवून पाहावे आणि आठवड्याने पुढच्या कामाला हात घालावा.

क्रम असा ठेवता येईल. पहिल्या आठवड्यात पैसे न लागणारी कामे: वाटा मोकळ्या करणे, सैल सतरंज्या काढणे, रोजचे सामान कमरेच्या उंचीवर आणणे. दुसऱ्या आठवड्यात सुताराची कामे: खाटेचे ठोकळे, खुंट्या, दांडे. खुर्ची, कमोड खुर्ची आणि टोपल्या यांची खरेदी त्यानंतर. बहुतेक घरांत पहिल्या दोन आठवड्यांतच निम्म्याहून अधिक काम होऊन जाते.

ज्येष्ठ वाचकहो, आपणही संकोच करू नका. खाट बुटकी आहे, खुर्ची सरकते, रात्री वाट दिसत नाही, हे सांगणे म्हणजे तक्रार करणे नव्हे. ज्या घरासाठी आपण आयुष्यभर लाकूडफाटा, धान आणि कष्ट वाहून आणले, त्या घरात आपल्या मापाची एक जागा असणे हा आपला हक्क आहे. आज मोजपट्टी मागवा आणि आपल्या गुडघ्याचे माप घ्यायला नातवाला बसवा.